अठरा नंबर कथा शे?

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांतलं. तिकडे बायका प्रेमाने बोलल्या तरी परक्या माणसाला वाटतं भांडण लागलंय. नोकरी लागली ती मात्र जिल्हा ओलांडून धुळ्याकडे, पिंपळनेरच्या अलीकडच्या एका गावात, दोनशिक्षकी सरकारी शाळेवर. दोन शिक्षक म्हणजे एक मी आणि एक हेडसर. हेडसर दिवसभर कागदांत बुडालेले, म्हणजे धरायचं झालं तर एकच.

रुजू व्हायच्या दिवशी फाट्यावर एस.टी.तून उतरले. समोरून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई आली, थांबली, मला नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाली, "कथा, बाई?"

मला वाटलं, गावात नवीन मास्तरीण आली, खोली घेणार, सत्यनारायण घालणार, तर कथा कधी, असं विचारतेय. काय ही आपुलकी! मी म्हटलं, "आता नाही हो अक्का, पौर्णिमेला."

ती "बरं" म्हणाली आणि गेली. मी पण विसरले. पौर्णिमेच्या सकाळी शाळेच्या फाटकात तीन बायका उभ्या. एकीच्या हातात फडक्यात बांधलेल्या दशम्या, वाटेत खायला म्हणून. "बाई, गयात नही का आजून?"

"कुठे?"

"ते आम्हले काय माहीत? तुम्हीच सांगं ना, पौर्णिमाले जाशात म्हनून!"

हेडसर हसून हसून खुर्चीतून घसरायला आले. मग त्यांनी उलगडून सांगितलं, की अहिराणीत कथा म्हणजे कुठे. बाई, कुठे निघालात, एवढंच त्या अक्कानं विचारलं होतं. कथा म्हणजे कुठे, आथा म्हणजे इथे, तथा म्हणजे तिथे. "आमच्याकडे कुठी म्हणतात," मी म्हटलं, तर त्या बायकांना तेच फार विनोदी वाटलं. कुठी, कुठी, असं एकमेकींना म्हणून दाखवत त्या हसत सुटल्या. दशम्या आम्ही सगळ्यांनी मिळून शाळेच्या ओट्यावर खाल्ल्या.

एवढी फजिती करणारा शब्द. तो मी जन्मात विसरायला नको होता, पण माणूस शहाणं झालं की विसरतंच.

आमच्या शाळेत तेवीस मुलं. या तेवीस मुलांची जेवढी माहिती सरकारजवळ आहे तेवढी त्यांच्या आयांजवळही नसेल. प्रवर्ग, धर्म, आधार, उंची, वजन, घरी संडास आहे का, आईबाप कामाला बाहेरगावी जातात का. दरवर्षी ही सगळी जंत्री मोबाईलवर भरायची. आणि गावात माझ्या फोनला रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, पाचव्या पायरीला. सहाव्या पायरीला जाते. खाली म्हशी पाणी पितात, पाचव्या पायरीवर मी पदर खोचून प्रवर्ग भरते, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, "बाई, वर काय करी ऱ्हायनात?"

त्या जंत्रीत एक रकाना मातृभाषेचा. बोट लावलं की यादी उघडते. मराठी होती, हिंदी होती, गुजराती होती, दक्षिणेकडच्या झाडून सगळ्या होत्या. अहिराणी नव्हती. तळाशी होतं 'इतर'. पहिल्या वर्षी मी इमानदारीत तेवीसच्या तेवीस 'इतर' भरून टाकले. दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुखांचा फोन. दहा-बारा शाळा त्यांच्या देखरेखीखाली, त्यामुळे ते कायम दमलेल्या आवाजात बोलतात.

"बाई, तुमच्या शाळेत बठ्ठे इतर कसे काय? पोरं परदेशातून आणली का?"

"सर, अहिराणी कुठे टाकू मग?"

"अहो, मराठीच शे ती! मराठी टाका नि मोकळ्या व्हा."

आपण हे निम्मं अहिराणीत बोललो, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी मोकळी झाले. पाचव्या पायरीवर बसून एका संध्याकाळी तेवीस मुलं मराठी करून टाकली.

त्यांतली अठरावी ही मुलगी. तिचं नाव इथे लिहीत नाही, हजेरीतला नंबर अठरा, तोच पुरे. इयत्ता तिसरी. कमरेवर कायम धाकटा भाऊ, दीड-दोन वर्षांचा, नाकाने वाहता. कमरेवर भाऊ नसला की ती मला ओळखूच यायची नाही. बडबड तर अशी, की खिचडीची रांग संपायची पण हिचं बोलणं संपायचं नाही.

दिवाळी झाली की तिचे आईबाप कोयता घेऊन गुजरातकडे ऊस तोडायला जात. मुकादमाचा ट्रक येई, त्यात भांडी, कोंबड्या, माणसं आणि अठरा नंबर. आई फडात, बाप फडात, भावाला सांभाळायला ही. होळीनंतर परत येई तेव्हा निम्मं शिकलेलं तिथेच उसात सांडून आलेली. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. यंदा मात्र तिची आजी म्हणाली, पोर माझ्याजवळ ठेवा. आईचं म्हणणं, जमणार नाही. बाप दोघींच्या मध्ये.

एका संध्याकाळी बाप शाळेत आला. डोक्याचं फडकं काढून हातात धरलं. "बाई, ती शिकी ऱ्हायनी का नुसती येस-जास?"

"अहो, शिकतेय. चांगली शिकतेय."

"दिवाळीना पहिले साहेब येनार शे ना तपासाले? साहेब पास म्हनना ते ठेवसू तिले. नही ते ती ऊसले यी. धाकल्याले कोन सांभाळी?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, ती तपासणी पोरांची नसते, शाळेची असते. किती मुलं वाचतात, किती वजाबाकी करतात, ते मोजून जातात. त्यात पास नसतं, नापास नसतं. हे मी त्याला तीन वेळा समजावलं. तीन वेळा त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "हां. पन साहेब पास म्हनना ते."

मी हात टेकले. वर घमेंडीत म्हणून गेले, "होईल पास. माझी गॅरंटी."

घमेंड का नसावी? पोरगी धडाधड वाचायची. पुढचे पंधरा दिवस मी तिला सोडली नाही. उतारे वाचून घेतले, हातच्याची वजाबाकी घोटून घेतली, रोज एक गोष्ट सांगायला लावली. "गोष्ट सांग गं," म्हटलं की ती दोन्ही हात हलवत सुरू. मी रोज गोष्ट म्हणत होते. पंधरा दिवसांत एकदाही मी 'कथा' हा शब्द उच्चारला नाही. ते मला सुचलंच नाही, आणि याबद्दल मी स्वतःला अजून शिव्या देते.

तपासणीला आले ते साहेब तिशीतले, शर्टाला कडक इस्त्री, बोलणं आकाशवाणीसारखं. आपण, कृपया, अवश्य. हातात टॅब. आल्या आल्या त्यांनी सांगितलं, की प्रश्न टॅबवर येईल तसाच वाचायचा, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, आणि शिक्षकांनी कृपया बाहेर थांबावे.

मी बाहेर थांबले. म्हणजे खिडकीशी थांबले. ते पण बाहेरच झालं.

अठरा नंबर आत जाऊन बसली. भावाला तिनं हेडसरांकडे दिला होता. अक्षरं वाचली, शब्द वाचले, उतारा तर असा वाचला की साहेबांनी मान वर करून पाहिलं. वजाबाकी बरोबर. मी खिडकीचा गज धरून मनातल्या मनात नारळ कबूल केला. शेवटचा प्रश्न राहिला. साहेबांनी टॅबकडे पाहिलं आणि आकाशवाणीच्या आवाजात विचारलं, "आता, कथा?"

पोरीनं इकडेतिकडे पाहिलं. मग बोटानं खालची फरशी दाखवली. "आथा."

"नाही. कथा."

"आथाच शे ना मी!"

"बाळ, कथा सांग."

"काय कथा?"

"कोणतीही कथा."

आता पोरगी खरंच घाबरली. साहेब समोर बसलाय, आपण समोर बसलोय, आणि हा माणूस पुन्हा पुन्हा विचारतोय कुठे, कुठे. तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवून मोठ्यानं सांगितलं, "साहेब, आथा!" बहिऱ्याला सांगावं तसं.

मी खिडकीत होतेच. बोलायची बंदी, म्हणून मी हातवारे सुरू केले. तळहात पुस्तकासारखे उघडले. डोक्यावर दोन बोटांची शिंगं केली. कावळ्यासारखे पंख हलवले, म्हणजे तिला काऊ-चिऊची गोष्ट आठवावी. अठरा नंबर माझ्याकडे बघत राहिली आणि मग काळजीनं म्हणाली, "साहेब, बाईले काय तरी चावनं."

साहेबांनी मागे वळून पाहिलं. मी पदर सारखा केल्यासारखं केलं. "मॅडम, कृपया," ते म्हणाले. तेवढ्यात टॅब टुंकन वाजला. वेळ संपली. पडद्यावर लाल गोल आला आणि साहेबांनी सबमिटवर बोट दाबलं.

मी तशीच आत घुसले. "साहेब, तुम्ही कुठे विचारलंत, तिनं इथे सांगितलं! बरोबर उत्तर दिलंय तिनं!"

"मॅडम, मी कथा विचारली."

"तेच म्हणतेय ना मी!"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठे!"

"कुठे काय?"

हेडसरांना असल्या वेळी एकच उपाय माहीत आहे. ते एका हातावर अठरा नंबरचा भाऊ आणि दुसऱ्या हातात चहाचा ट्रे घेऊन आले आणि आमच्या मध्ये उभे राहिले. साहेब म्हणाले, आता काही बदलता येत नाही, एकदा पाठवलं की पाठवलं. चहा प्यायला आम्ही ओट्यावर आलो. समोर निंबाच्या झाडाखाली बाप उभा होता. फडकं हातात. दिवाळी तोंडावर आली होती, आणि दिवाळी झाली की ट्रक. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. त्यांच्या कंपनीची रेंज ओट्यावरही येत होती, पण फोनचं काहीतरी बिघडलं होतं, कानाला लावून काही ऐकू येत नसे. एका हातात कप, म्हणून त्यांनी अंगठ्यानं स्पीकर चालू केला. ओटाभर एका म्हातारीचा खणखणीत आवाज घुमला.

"कथा शे रे भाऊ? जेवना का नही?"

साहेबांनी तोंड उघडायच्या आत अठरा नंबरनं उत्तर देऊन टाकलं. "शाळामा शे! जेवना नही आजून, चहा पी ऱ्हायना!"

"हाई कोन बोली ऱ्हायनी?"

"मी तिसरीनी पोर शे. तुमना आंडोरनी माले नापास करं."

आंडोर म्हणजे मुलगा. तो आंडोर एका हातात कप, एका हातात फोन धरून पुतळा झाला होता.

"काब्र वं माय?" म्हातारीला कारण हवं होतं.

"त्यानी इचारं कथा, मी सांगं आथा. तीनदाव सांगं!"

"भाऊ!" फोन कडाडला. "पोर तुना समोर बशेल शे, आन् तू तिले कथा इचारस? बराबर ते सांगं तिनी! पहिलीमा तू बी दोन साल बसना, ते इसरी गया का? तवय तुले तरी मराठी येये का?"

"माय, मी मांगून फोन करसू," आकाशवाणी एकदम खाली उतरून म्हणाली.

साहेबांचे कान लाल झाले. हेडसर कपात बघत राहिले. मी मात्र निर्लज्जासारखी खो खो हसले, मला आवरलंच नाही. आणि मग साहेबही हसायला लागले. हसता हसता इस्त्रीच्या पँटीसकट ओट्यावर मांडी घालून बसले, अठरा नंबरला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "बरं माय. गोट सांग. गोट येस का तुले?"

"गोट? मंग ते पहिलेच सांगनं व्हतं ना!" ती वैतागली. मग दोन्ही हात हलवत सुरू झाली.

"एक बकरी व्हती. बठ्ठं घर ऊसले निंघनं. ट्रकमा भांडा भऱ्यात, कोंबड्या भऱ्यात. बकरीले म्हनेत, चाल वं. बकरी म्हने, मी नही येस. माले गंज काम शे. माले ज्ञ लगून शिकनं शे. मंग बठ्ठा म्हनेत, तू नही येस ते पिल्लूले कोन सांभाळी? मंग बकरी म्हने..."

ती थांबली.

"मंग?" साहेब म्हणाले.

"मंग माले माहीत नही. गोट आजून व्हवानी शे."

गोष्ट अजून व्हायची आहे. निंबाखाली बापानं हे सगळं ऐकलं. त्यानं फडकं डोक्याला गुंडाळलं, पुन्हा सोडलं. मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो, म्हणून चहात साखर नाही यावरून मी हेडसरांवर खेकसले. साखर भरपूर होती.

साहेबांनी टॅब पालथा घातला आणि उठून बापापाशी गेले. "भाऊ, पोर पास शे. एकदम पास शे. तिले ऊसले लई जावू नको."

बाप विचारात पडला. मग म्हणाला, "लेखी द्या."

"काय?"

"तिनी माय इश्वास ठेवाव नही. लेखी द्या, शिक्का मारीसन."

टॅबवर पोरगी लाल होती, ते कायमचं. पण साहेबांनी एक कोरा कागद मागितला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'ही मुलगी उत्तम गोष्ट सांगते.' खाली सही. हेडसरांनी शाळेचा शिक्का मारला, तो पुसट उठला म्हणून पुन्हा एकदा मारला. बापानं कागद घेतला आणि लेकीपुढे धरला. तिनं तो मोठ्यानं, एकही अक्षर न चुकता वाचून दाखवला. बापानं संशयानं साहेबांना विचारलं, "हाई ती वाची ऱ्हायनी का मनना बोली ऱ्हायनी?"

"वाची ऱ्हायनी," साहेब म्हणाले.

कागद घडी होऊन खिशात गेला. पण तो हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही. "पाहूत," एवढंच बोलून लेकीला आणि कडेवरच्या लेकाला घेऊन गेला.

आठवड्यानं कागद आला. तपासणीत शाळेचा दर्जा एक पायरी घसरला आहे, तरी संबंधित शिक्षकांनी लेखी खुलासा करावा. संबंधित शिक्षक म्हणजे मीच. मी लिहिलं, 'विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर दिले असून ती आजही त्याच ठिकाणी आहे.' हेडसर सही करीनात. दुसरा खुलासा लिहिला, तो पहिल्यापेक्षा तिखट झाला. शेवटी त्यांनी स्वतःच लिहिलं, 'यापुढे सुधारणा करण्यात येईल,' आणि माझ्यापासून लपवून पाठवून दिला. मी मग टाकीवर चढले, पाचव्या पायरीवर बसले आणि तेवीसच्या तेवीस मुलं पुन्हा 'इतर' करून टाकली. येऊ दे म्हटलं केंद्रप्रमुखांचा फोन. तो खाली उतरायच्या आत आला.

दिवाळीची सुटी मी माहेरी काढली. केळीच्या बागेत हिंडताना, फराळाचं खाताना, एकच डोक्यात. ट्रक गेला असेल. आई कागदावर विसंबली असेल का? कोण विसंबतं हो कागदावर? मी स्वतः नसते विसंबले.

शाळा उघडली त्या दिवशी वर्गात मोकळ्या जागा दिसत होत्या. मी मुद्दाम मागच्या ओळीकडे पाहिलं नाही. हजेरी उघडली. चार नंबर गैरहजर. नऊ, दहा, बहीणभाऊ, गैरहजर. चौदा गैरहजर. ते सगळे उसाला गेले, हे मला ठाऊकच होतं. सोळा हजर. सतरा हजर.

"अठरा."

कोणी बोललं नाही.

पेनचं टोक मी त्या चौकटीत तसंच धरून ठेवलं. मला ते 'गै' काही केल्या लिहवेना. आणि माझ्याही नकळत तोंडून निघालं, "अरे, अठरा नंबर कथा शे?"

"आथा शे, बाई! आथा शे!"

दारातून ओरडत ती आत आली, धापा टाकत, केस विस्कटलेले. कमरेवर भाऊ, नाकानं वाहता.

"याला कसा गं आणलास? आई घेऊन नाही गेली?"

"माय म्हने, तू ऱ्हास ते ह्याले बी ठेव. आजी ते दिनभर वावरमा जास."

आजी दिवसभर शेतात. म्हणजे सुटका अर्धीच झाली होती. पोरगी राहिली, पण कमरेवरचं ओझंही राहिलं. मला आनंद झाला आणि चीडही आली, आणि दोन्हींतलं आधी काय करावं ते कळेना. म्हणून मी आपलं विचारलं, "मग त्या बकरीनं काय सांगितलं गं शेवटी? पिल्लाला कोण सांभाळणार?"

तिला उत्तर तयारच होतं. "बकरी म्हने, बाई सांभाळी."

असं म्हणून तिनं भाऊ माझ्या मांडीवर ठेवला, स्वतःच्या जागेवर जाऊन बसली आणि पुस्तक उघडलं. उरलेल्या पाच नंबरांची हजेरी मी एका हातानं घेतली.